मागं पडायचा खेळ

“मग कशापायी न्हाई म्हणलास? सांग की! चारचौघांत माझं नाक कापलंस ते कशापायी, केरबा?”

शिदू मगदूम मठाच्या पायऱ्या चढत हुता आन् वरडत हुता.

केरबा तिथं नव्हताच. केरबा तिकडं दोन कोसांवर आपल्या घरात बसल्याला. पर शिदूचं भांडण घरातनंच सुरू झाल्तं. वाटेत ओढा लागला, त्यात गुडघाभर पाणी लागलं, तरी भांडण थांबलं न्हाई. म्हशी धुणारी माणसं बघत राहिली, की ह्यो एकटाच हात हालवत कुणाच्या नावानं शिमगा करायलाय!

“इस्वास हाय म्हणं! आरं, इस्वास हाय तर पडायचं हुतंस की! मी काय हिरीत पड म्हणलो हुतो?”

सोप्यात अज्जा बसलं हुतं. म्होरं वांग्यांचा ढीग. वांगं उचलायचं, कीड बघायची, चिरायचं, पाण्यात टाकायचं.

अज्जा म्हंजे मठाचं म्हातारं स्वामी. सत्तरी कवाच उलटल्याली. अंग वाळल्या शेंगंगत, पर दर सोमवारी मठात दासोह. यील त्याला पोटभर जेवाण, जात इच्यारायची न्हाई, गाव इच्यारायचं न्हाई. दीडशे माणसांचा सैपाक म्हातारा उभ्यानं करून घ्यायचा. पंचक्रोशीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं.

“केरबा हितं न्हाई,” अज्जा म्हणलं.

“ठावं हाय मला!”

“मग वरडतोस कुणाला?”

“त्यालाच!”

अज्जा गालात हासलं.

“अज्जा, हासू नगा. माझं बूड जळायलंय.”

“बस. सुरी घे.”

शिदू बसला न्हाई. बसला असता तर शिदू कसला!

“एक निरोप धाडा. बास. दुसरं काय मागत न्हाई. केरबाला म्हणावं, गुपगुमान गुऱ्हाळावर ये. तुमचा शब्द त्यो मोडत न्हाई.”

“केरबा?” अज्जांनी वांगं उलटं करून बघितलं. “चार दिसांमागं तर केरबातात्या म्हणत हुतास.”

“तात्या म्हणण्याजोगं वागला असता तर म्हणलो असतो.”

अज्जांनी वांगं चिरून पाण्यात टाकलं.

“बारा गाड्या ऊस तुटून पडलाय अंगणात. दोन दिस झालं, ऊन खायलाय. निम्मा माझा, निम्मा लोकांचा. ती म्हातारी गंगू, तिचा एक गाडी ऊस हाय त्यात. वरीसभराचा तिचा गूळ त्यो. उद्या चुलवाण पेटलं न्हाई तर त्या उसाचा गूळ हुत न्हाई अज्जा, काढा हुतोय काढा! म्हशी तोंड लावायच्या न्हाईत.”

“पेटव की मग.”

“पेटवून काय करू? गुळव्या कुठं हाय? रस कवा फुगतोय, मळी कवा काढायची, काहील कवा उतरवायची, समदं केरबाच्या डोळ्यात. मी घातला हात तर खाली कोळसा आन् वर चिकटा!”

“मग केरबा गेला कशाला?”

“तेच तर मी त्याला इच्यारतोय!”

“त्याला नगो. मला सांग. तू काय केलंस?”

शिदूच्या मस्तकात तिडीक गेली.

“मी? मी काय केलं? चांगलं केलं! चांगलं केलं म्हणून हे दिस बघायलोय. वाईट केलं असतं तर अठरा माणसं पाया पडली असती!”

अज्जांनी दुसरं वांगं घेतलं.

मग शिदूनं सांगितलं. सांगितलं म्हंजे काय, सोप्यातल्या खांबाखांबाला ऐकवलं.

त्याच्या गुऱ्हाळावर अठरा माणसं. घाण्यावर ऊस घालणारी समदी वरल्या आळीची. चुलीवर आन् काहिलीवर खालच्या आळीची. दोन्ही आळ्यांचं एका बोकडावरनं वाजल्यालं. बोकड कवाच मेला, भांडण जितं. गेल्या साली वरल्या आळीनं रस सोडला आन् खालच्या आळीला हाक मारली न्हाई. खालच्या आळीनं रस येतोय हे बघितलं आन् बघून मान फिरवली. काहीलभर रसाचं आख्खं आदण करपलं. धूर निघाला तवा दोन्ही आळ्या एकमेकांकडं बोटं दावत हुत्या आन् शिदू मधी उभा राहून तोंडात मारल्यागत बघत हुता.

“अशी माणसं, अज्जा! अशी! ह्यास्नी एक करावं असं वाटलं तर माझं चुकलं?”

“न्हाई.”

“मग!”

“म्होरं सांग.”

म्होरं असं झालं. तालुक्याला गुऱ्हाळवाल्यांची आन् दुकानदारांची सभा हुती. शिदू गेल्ता. तिथं शहरातनं एक सर आल्यालं. कानाला तार, गालावर माईक, पायात पांढरं बूट. त्यांनी सांगितलं, की माणसं कामानं एक हुत न्हाईत, खेळानं हुत्यात. आन् तिथल्या तिथं सभेतल्याच माणसांस्नी उठवून खेळ घेतलं. दुकानदार, हापिसातली पोरं, समदी हासून हासून लोळली. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मघाशी वळख नसल्याली माणसं जाताना गळ्यात गळं घालून गेली.

“माझ्या डोळ्यांनी बघितलं अज्जा. ऐकीव न्हाई.”

“आन् त्यांतलं कोणतं खेळ तू निवडलंस?”

“निवडायचं काय त्यात? समदं घेतलं! जसं तिथं तसं हितं. एक काना मात्रा इकडचा तिकडं केला न्हाई.”

अज्जांचा हात जरा थांबला... मग चालू झाला.

“पयला खेळ फुग्याचा. दोघादोघांच्या जोड्या. दोघांच्या पोटामधी फुगा धरायचा, हात लावायचा न्हाई, आन् तसंच चालत पल्याड जायाचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून.”

“चिठ्ठ्या टाकून?”

“व्हय! म्हंजे कुणी म्हणायला नगो, शिदूनं आपलं-परकं केलं.”

“आन् केरबाची जोडी कुणासंगं लागली?”

शिदू खाकरला. उपरण्यानं तोंड पुसलं. घाम नव्हता तरी पुसलं.

“...त्याच्या सुनंसंगं.”

“रत्नासंगं?”

“आता चिठ्ठीला काय कळतंय सून कोण आन् सासरा कोण! मी लिवली व्हय चिठ्ठी? लिवली मीच, पर काढली न्हाई की मी!”

रत्ना गुऱ्हाळावर चिपाडं वाळवायची. नाकापतूर पदर. सासऱ्याम्होरं ती आजपतूर कवा बसली सुदीक नव्हती. ती फुगा बघून अशी आकसली, की जिमिनीनं पोटात घ्यावं.

“मग केरबानं काय केलं?”

“काय करायचं? फुगा घेतला, सुनंच्या हातात दिला, म्हणला, ‘जा पोरी, घरला नेऊन तान्ह्याला दे.’ झालं! समदी फिदीफिदी हासली. माझ्या खेळाचा पार बट्ट्याबोळ!”

“हासली?”

“हासली की.”

“वरली आळी बी?”

“समदी! माझ्यावर हासाया काय जातंय!”

“बरं. म्होरं?”

“म्होरं त्यो खेळ. मागं पडायचा.” शिदूचा आवाज चढला. “एकानं हुभं राहायचं. पाठमोरं. डोळं मिटायचं. हात छातीवर. आन् ताठच्या ताठ मागं पडायचं. मागं आठ जण हात जोडून हुभं. ती झेलत्यात. म्हंजे ध्यानात येतं, की माझ्यामागं माझी माणसं हाईत. सर म्हणलं, ह्या एका खेळात दहा वरसांचं भांडण मिटतंय.”

“आन् तुझ्या माणसांत कोण पडलं?”

“कुणीच पडंना! एक म्हणतोय कंबर धरलीया. एक म्हणतोय आधी त्याला इच्यारा. म्हणून मी म्हणलो, जाणता माणूस पयला पडू दे, म्हंजे बाकीची पडतील. केरबाला म्हटलं, तू पड.”

“मग?”

“न्हाई म्हणला. ‘शिदबा, हे आपलं न्हवं,’ म्हणला. आपलं न्हवं म्हंजे? मी म्हटलं, तुझा ह्या माणसांवर इस्वास न्हाई व्हय? तर काय म्हणला ठावं हाय?”

“काय?”

“‘हाय. म्हणून तर तीस वरसं वळून बघितलं न्हाई.’ घ्या! ह्याला काय आडवं म्हणायचं का उभं? सरळ इच्यारल्यालं सरळ सांगंल तर शपथ!”

अज्जांनी सुरी खाली ठेवली. शिदूकडं बघितलं. मग परत उचलली.

“मग तू काय म्हणलास?”

शिदूनं उपरण्याचं टोक चोळलं.

“शिदू.”

“...रागात हुतो मी.”

“त्यो तर आता बी हाईस. काय म्हणलास?”

“म्हणलो, की ज्याचा माणसांवर भरवसा न्हाई, त्या भागूबाईनं माझ्या गुऱ्हाळात पाय ठेवायचा न्हाई.”

“भागूबाई म्हणलास? केरबाला?”

“तोंडातनं गेलं!”

“समद्यांच्या म्होरं?”

“समद्यांच्या म्होरं.”

मागल्या अंगाला चुलीवर काहीतरी रटरटत हुतं.

“त्यो काय म्हणला?”

“काय न्हाई. मुंडासं झटकलं, डोक्याला बांधलं आन् निघाला. मी म्हटलं, जा, जा! एक गेला म्हणून गुऱ्हाळ बंद पडत न्हाई. तर त्याच्यामागं त्याचं पोरगं उठलं. रत्ना उठली. जाळ घालणारं दोघं उठलं. मग घाण्यावरची उठली. सगळीच्या सगळी, अज्जा! वरली आळी, खालची आळी! एकानं मागं वळून बघितलं न्हाई. एका दमात अठरा माणसं माझ्या अंगणातनं चालती झाली. एका दमात!”

“वरली आळी केरबामागं गेली?”

“गेली म्हंजे! त्यांचा त्यो दगडू, ज्यो खालच्या आळीचं पाणी सुदीक पीत नव्हता, त्यानं केरबाच्या पोराच्या खांद्यावर हात टाकला. माझ्या डोळ्यांम्होरं!”

“मग झाली की.”

“काय झाली?”

“एकी.”

शिदूच्या अंगात कुणीतरी इंगळी सोडावी तसा त्यो तडतडला. सोप्यात येरझाऱ्या घातल्या. खांबाला बुक्की मारली, ती बी लागली.

“चेष्टा करा अज्जा! करा! म्हातारी गंगू वरीसभर गुळाबिगर चहा पिईल, तिला बी ही चेष्टा सांगा!”

“चेष्टा न्हाई केली.”

“मग निरोप धाडता का न्हाई?”

“एक सांग. तिथं सभेत तू पडलास?”

“मी कशाला पडू? मी बघाय गेल्तो.”

“आन् हितं? तुझ्या अंगणात?”

“मी मालक! मी शिट्टी वाजवत हुतो. शिट्टी वाजवायला कुणी पायजे का नगो?”

अज्जांनी नुसतं वर बघितलं.

“असं बघू नगा. पायजे का नगो?”

घंटा झाली. पंगत बसली. लांब मांडवात माणसं पत्रावळीम्होरं मांडी घालून बसायला लागली.

अज्जा उठलं. हात धुतलं.

“चल. दांडा धर.”

“माझं बोलणं...”

“माणसं भुकेली हाईत. दांडा धर.”

मागल्या अंगणात आमटीचा हंडा चुलीवरनं उतरवून ठेवल्याला. माणसाच्या कमरंएवढा. आमटी अजून आतनं गटगटत हुती, वर लाल तवंग नाचत हुता. हंड्याच्या कड्यांत साखळी, साखळीत जाड बांबूचा दांडा. अज्जांनी म्होरलं टोक खांद्याला लावलं. शिदूनं मागलं.

“उचल.”

उचलला. हंडा दोघांच्या मधी लोंबकळाय लागला. वाफ शिदूच्या तोंडावर.

गुऱ्हाळाचाच गडी त्यो. वजन खांद्यावर आल्याबरुबर अंग आपसूक सावध झालं. तोंड बंद झालं. सकाळपास्नं पयल्यांदा बंद झालं. म्हाताऱ्याचं पाऊल डावं पडलं की ह्याचं डावं. म्हातारा थांबला की ह्यो थांबला. हंडा हिंदकळत नव्हता.

अंगणाच्या मधोमध आल्यावर अज्जा हुभं राहिलं. मागं न बघता म्हणलं,

“शिदू.”

“जी.”

“आता मागं पड.”

“...काय?”

“डोळं मीट आन् ताठच्या ताठ मागं पड.”

शिदूला वाटलं, आपुन चुकीचं ऐकलं.

“अज्जा, दांडा हाय खांद्यावर.”

“ठावं हाय. पड.”

“आमटी हाय उकळती!”

“पड म्हणतोय न्हवं?”

“डोकं फिरलंय का तुमचं!” शिदू असा वरडला, की मांडवातली पंगत माना वळवून बघाय लागली. “मी पडलो तर दांडा सुटंल, हंडा आपटंल, समदी आमटी उसळून तुमच्या पाठीवर यील! पाठीचं सालटं निघंल अज्जा!”

“भितोस?”

“भितोस काय भितोस! मला काय हुतंय! मी मागं पडून वाचतोय. माझ्यापायी न्हाई म्हणत, तुमच्यापायी न्हाई म्हणतोय मी!”

“इस्वास न्हाई व्हय रं तुझा माझ्यावर?” अज्जांनी म्होरं बघतच इच्यारलं.

शिदूनं दांडा घट्ट धरला.

वाफ येत राहिली. मांडवातनं कुणीतरी इच्यारलं, “अज्जा, काय झालं वं?” अज्जांनी उत्तर दिलं न्हाई. म्हाताऱ्याची उघडी पाठ शिदूच्या म्होरं हुती. हाडंन् हाडं मोजून घ्यावीत अशी. हंड्यापास्नं दीड हात. म्हातारा काय वळून बघत नव्हता.

शिदूचं पाय जिमिनीत रवल्यागत झालं.

त्याला गुऱ्हाळ दिसलं. पाक आल्यावर काहील उतरवत्यात ते दिसलं. मोठी परातीगत काहील, आत लाव्हारसागत गूळ. आठ जण दांडं खांद्यावर घेणार, चार वरल्या आळीचं, चार खालच्या. केरबा म्होरं, काहिलीकडं पाठ करून. आठ जणांचं एक पाऊल. त्यांतला एक जरी मागं कलला, तरी उकळता गूळ दुसऱ्याच्या अंगावर जातोय. म्हणून गुऱ्हाळात मागं सरायचं न्हाई. ठेच लागली, इंचू चावला, तरी न्हाई. पयल्या दिसाला हेच शिकवत्यात. गूळ कवा हुतोय ते मागनं.

शिदूला ते केरबानंच शिकवलं हुतं. शिदूचा बा नुकता गेल्ता, मिसरूड फुटत हुती. केरबा बोरीची फांदी घेऊन त्याच्या मागं हुभा राहायचा. टाच मागं आली की काटा. आठ दिस टाचंतनं रगात आलं. नवव्या दिसापास्नं आलं न्हाई.

“चल,” अज्जा म्हणलं. “माणसं खोळंबलीत.”

डावं पाऊल. उजवं पाऊल. हंडा मांडवात गेला.

दीडशे माणसं जेवली. शिदूनं वाढलं. कुणी “आणखी वाढ” म्हणलं तर वाढलं, कुणी “बास” म्हणलं तरी वाढलं. त्याचं ध्यान नव्हतं.

समदी उठून गेल्यावर अज्जा जेवाय बसलं. शिदूला म्होरं पत्रावळ मांडली. शिदूनं भात चिवडला, घास घेतला न्हाई.

“पर ते येगळं हुतं,” त्यो म्हणला.

अज्जा जेवत राहिलं.

“येगळंच हुतं! हितं खांद्यावर हंडा हुता. तिथं काय हुतं? अंगणातली मोकळी जागा. खाली मऊ गवात. चूल गार. काहील पालथी. पडला असता केरबा तर काय बिघडत हुतं? नुसता खेळ त्यो!”

“पायाला काय ठावं?”

“काय?”

“खेळ कुठला आन् गुऱ्हाळ कुठलं... पायाला काय ठावं?”

शिदूनं भातात बोटं फिरवली.

“तीस वरसं त्या पायास्नी एकच गोष्ट शिकवली,” अज्जा म्हणलं. “आन् एका दुपारी तू म्हणलास, इसर.”

“इसर न्हाई म्हणलो!”

“आन् समजा इसरलं असतं... मग? दुसऱ्या दिशी काहील कुणाच्या खांद्यावर देणार हुतास?”

शिदू उठून हुभा राहिला. परत बसला. राग हुताच. राग काय असा उतरतोय? पर आता त्यो कुठल्या बाजूला तोंड करून काढावा हे त्याला उमगंना. सरावर काढावा, तर सर त्या दुकानदारांस्नी बरुबर खेळवून गेल्तं. चिठ्ठीवर काढावा, तर चिठ्ठी आपल्याच हातची. केरबावर काढावा...

“त्या सराला काय जातंय!” त्यो शेवटी म्हणला. “त्यानं कवा काहील बघितलीया? त्याला जोड्यानं...”

“त्यानं बघितली न्हाई.”

“तेच म्हणतोय मी!”

“तू बघितलीस.”

शिदूचं कान तापलं. वाढल्याल्या भातावर माशी बसली, त्यानं ती बी हाकलली न्हाई.

“अज्जा, मला आपलं वाटलं... तिथं समदी हासत हुती. टाळ्या वाजवत हुती. मला वाटलं, माझी बी माणसं अशी हासावीत. एकदा. गुऱ्हाळावर कुणी हासतच न्हाई वं. नुसती एकमेकांवर थुंकत्यात.”

अज्जांनी त्याच्या पत्रावळीवर हुग्गी वाढली. गव्हाची खीर ती. गुळातली. शिदूच्याच गुऱ्हाळाचा गूळ, केरबानं गेल्या साली मठाला दिल्याला.

“खा.”

“जात न्हाई.”

“खा म्हणतो.”

शिदूनं खाल्ली. खाताना डोळ्यातनं पाणी आलं. ते त्यानं आमटीच्या तिखटावर ढकललं, आन् आमटी तर त्यानं घेतलीच नव्हती.

“निरोप धाडा अज्जा,” त्यो म्हणला. आवाज खाली आल्ता. “हात जोडतो. मी गेलो तर त्यो दार उघडायचा न्हाई.”

“एकट्याला न्हाई उघडायचा.”

“मग?”

अज्जांनी घास घेतला.

“तुमच्या नावानं तरी सांगू? अज्जांनी बोलीवलंय म्हणून?”

“मी न्हाई बोलीवलं.”

“मग मी काय सांगू त्याला? चुकलं म्हणू? म्हणतो. पाय धरू? धरतो. पर उद्या परत ती वरली आळी, ती खालची आळी. परत कुणी हाक मारायचं न्हाई, परत आदण करपायचं. ह्यास्नी एक करायचं का न्हाई मी? का खेळ घ्यायचाच न्हाई कवा?”

“घे की.”

“कोणता?”

अज्जांनी पत्रावळ दुमडली. उठलं. हात धुवाय गेलं.

“कोणता घिऊ अज्जा? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल त्यो घेतो. एक काना मात्रा इकडचा तिकडं करत न्हाई.”

म्हातारा गर्रकन वळला. दुपारधरनं पयल्यांदा त्याच्या डोळ्यात इंगळ दिसला. ओला हात त्यानं थेट ओढ्याच्या वाटंकडं केला.

“ऊठ. केरबाच्या दारात जा. तिथंच अठरा माणसं गोळा कर, आन् त्यो सांगंल त्यो खेळ, समद्यांच्या आधी तू खेळ. जा म्हणतो न्हवं, ऊस वाळायलाय!”